डाव बसतो, पण माणूस पडत नाही

*नमस्कार ताई,*

*माझं वय १९. गाव सातारा जिल्ह्यात, सध्या शिकायला पुण्यात. गावच्या तालमीत चार वर्षं अंगाला माती लावली आहे. पुण्यात आल्यावर कॉलेजजवळच्या क्लबात ज्युदो सुरू केला, त्याला वर्ष होत आलं. वजन ७८ किलो. उचिकोमीत, म्हणजे जोडीदाराला न पाडता तोच डाव परत परत घोटताना, माझा सेओइ-नागे (पाठीवरून टाकायचा डाव) झकास बसतो, सर बाकीच्यांना माझ्याकडे बघायला सांगतात. पण रांदोरी, म्हणजे मोकळी सराव-लढत, सुरू झाली की कुणी हलत नाही. मी आत शिरतो, पाठ लावतो आणि समोरचा तिथंच उभा! उलट ६६ किलोचा एक मुलगा मला रोज पाडतो, तेही फारसा जोर न लावता. मी जिम लावू का? की तालमीतलं सगळं डोक्यातून काढून टाकू? आमचे वस्ताद म्हणायचे, डावाला ताकद लागत नाही. मग माझं नेमकं कुठं अडतंय? आणि अजून एक, रस्त्यात कुणी अंगावर आलं तर यातला कुठला डाव चालेल?*

*— अडकलेला, पुणे*

अरे अडकलेल्या,

जिम लावायची तर लाव, पण तुझं दुखणं तिथलं नाही.

तुझ्या पत्रातले तीन शब्द मी परत परत वाचले : ‘समोरचा तिथंच उभा’. तो उभा राहू शकला याचा अर्थ एवढाच, की तू आत शिरलास तेव्हा त्याचे दोन्ही पाय त्याच्या मर्जीत होते. तू त्याच्या वरच्या अंगावर काम करत होतास आणि पाय त्याच्याकडेच सोडून दिले होतेस. माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींत ही तक्रार सर्वांत जास्त. शिकवणाऱ्यांचाही यात वाटा आहे, त्याबद्दल पुढं बोलते.

आधी माणूस पडतो कशानं ते बघू. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या थोडा खाली असतो. तिथून सरळ खाली ओळंबा सोडला आणि तो दोन पावलांनी व्यापलेल्या जागेत आला, तर माणूस स्थिर. बाहेर गेला तर तोल गेला. इथपर्यंत सगळे शिकवतात, पोस्टरवर बाणही काढलेले असतात. पण तोल गेला म्हणजे माणूस पडला असं होत नाही. चालताना दर पावलाला आपला तोल जातो आणि पुढचं पाऊल तो सावरतं. एसटीत उभं असताना ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, तर आपण एक पाऊल पुढं टाकतो आणि वाचतो. तेच पाऊल टाकायच्या जागी कुणाची तरी बॅग असेल, तर थेट कंडक्टरच्या अंगावर.

म्हणून डावाची दोन कामं. तोल घालवायचा, आणि ज्या पावलावर तो सावरणार ते पाऊल त्याला मिळू द्यायचं नाही. पहिलं काम बहुतेकांना थोडंफार जमतं. दुसऱ्याकडे लक्षच जात नाही. आणि माझ्या मते चांगला डाव आणि नुसता देखणा डाव यांत फरक पडतो तो या दुसऱ्या कामात.

ज्युदोतले थ्रो या नजरेनं बघ, मग नावं पाठ करायची गरज कमी होते. दे-आशी-बाराईत समोरच्याचं पुढं येणारं पाऊल जमिनीला टेकून त्यावर भार यायच्या क्षणी झाडलं जातं, म्हणजे पाऊल असून नसल्यासारखं. ताइ-ओतोशीत तुझा पाय त्याच्या घोट्यापुढं आडवा पसरलेला असतो, त्याला पाऊल टाकायचंय पण वाटेत तू आहेस. ओ-सोतो-गारीत त्याचा सगळा भार एका पायावर आणून तोच पाय मागून काढून घेतला जातो. त्याला दुसऱ्या पायावर जायला वेळच उरत नाही. आणि कमरेवरच्या, पाठीवरच्या थ्रोंत तर पायाखालची जमीनच जाते. पाऊल टाकणार कशावर?

आता तुझा सेओइ-नागे. तू उजव्या हाताचा आहेस असं धरून चालते. डाव्या हातात त्याची उजवी बाही, कोपराजवळ. उजव्या हातात त्याची कॉलर. डावा हात वर आणि बाहेर ओढतोस, मनगटावरचं घड्याळ बघावं तसा. उजवं पाऊल त्याच्या उजव्या पावलापुढं, मग वळण, डावं पाऊल मागून आत, गुडघे वाकलेले, तुझा बेल्ट त्याच्या बेल्टच्या खाली, पाठ त्याच्या छातीला चिकटलेली. उचिकोमीत हे सगळं झकास होतं, कारण जोडीदार मदत करत असतो. तू ओढायच्या आधीच तो पंजांवर येतो, छाती पुढं देतो, दोन्ही पावलं एका रेषेत ठेवून तुझी वाट बघत थांबतो. शेकडो वेळा असं केलं की तुझ्या अंगात एक सवय मुरते : माझी पाठ लागली की माणूस आपोआप पुढं कललेला असतो.

रांदोरीत तो कललेला नसतो. तू वळायला लागताच तो कंबर बोटभर मागे घेतो. तेवढं पुरतं. तुझी पाठ आणि त्याची छाती यांत वीतभर पोकळी राहते, ती भरायला तू मागे झुकतोस, तुझा भार तुझ्याच टाचांवर येतो आणि आता तोल गेलेला माणूस तू असतोस. तुला वाटतं की तो जड आहे, म्हणून उचलत नाही. तो ५० किलोचा असता तरी त्या अवस्थेत उचलला नसता.

पुढच्या सरावाला एक बघ. पाठ लागते त्या क्षणी त्याच्या टाचा जमिनीवर आहेत की उचललेल्या? स्वतःला दिसणार नाही, बाजूला बसलेल्या कुणाला तरी बघायला सांग, किंवा मोबाईल जमिनीलगत ठेवून व्हिडिओ काढ. टाचा टेकलेल्या असतील तर पुढं ओढाताण करू नकोस, तो डाव संपला. बाहेर ये, पकड ठेव, परत सुरू कर. अर्धवट शिरून पाठ देऊन बसलास की समोरचा तुला मागून उचलतो, आणि तसं उचलायला तर तुमच्या तालमीतल्या पोरांनाही कुणी शिकवावं लागत नाही.

टाचा उचलायच्या कशा? नुसतं ओढून नाही. ज्याला ओढतो तो मागे जातो आणि ज्याला ढकलतो तो पुढं येतो, हा माणसाचा स्वभावच आहे. तुला तो पुढं हवा असेल, तर त्याला आधी मागे जायचं कारण दे. को-उचि-गारीनं त्याच्या उजव्या पायाला आतून पाय घाल, म्हणजे पायाच्या तळव्यानं त्याची टाच आतून खेच. खरोखर खेच, दाखवायला नको. पाय वाचवायला तो पाऊल मागे घेईल, अंग मागे जाईल, आणि सावरायला परत पुढं येईल. त्या परत येण्यात सेओइ-नागे आहे. तू ओढायची गरजच कमी पडते, तो स्वतःच टाचा उचलून देतो. को-उचि-गारीनंच पडला तर उत्तमच, गुण तुझेच.

जुन्या मल्लांना हे सांगावं लागत नव्हतं. खडाखडी म्हणजे काय असते? बघणाऱ्यांना वाटतं दोघं वेळ काढताहेत. एकमेकांच्या मानेवर हात, मनगटाला मनगट, दोन पावलं पुढं, एक मागे. त्यात चाचपणी चाललेली असते : मी ढकललं तर हा कोणत्या पायावर रेलतो, हात झटकला तर खांदा वर येतो की खाली. तुझ्या वस्तादांचं ‘ताकद लागत नाही’ हे या अर्थी खरं आहे, की खडाखडीत काम झालेलं असेल तर डावाला थोडीच लागते. काम झालेलं नसेल तर वाटेल तेवढी लागते.

ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनाही हेच उमगलं. १८८२ मध्ये टोकियोतल्या एइशो-जी देवळात १२ ताताम्यांच्या (जपानी चटयांच्या) खोलीत त्यांनी कोदोकान ही आपली ज्युदोशाळा सुरू केली, तेव्हा ते जेमतेम एकवीस-बावीस वर्षांचे होते आणि अजून स्वतः शिकतच होते. कितो-र्यू या जुन्या जपानी कुस्तीपरंपरेचे त्यांचे गुरू इइकुबो वयानं पन्नाशीपुढचे, पण थ्रोंमध्ये कानोंना भारी. १८८५ च्या सुमारास एके दिवशी चित्र उलटं झालं. गुरूचे डाव लागेनात आणि शिष्याचे एकामागून एक लागायला लागले. गुरूंनी विचारल्यावर कानोंनी सांगितलं, की समोरच्याचा तोल आधी मोडायचा आणि मगच डाव टाकायचा, याचाच ते अभ्यास करत होते. ज्युदोत आज तू कुझुशी, त्सुकुरी, काके या तीन पायऱ्या ऐकतोस, म्हणजे तोल मोडणं, जागा घेणं आणि फेकणं, त्यांची मुळं या अभ्यासात आहेत.

पण मला त्याहून दुसरी एक गोष्ट आवडते, कारण ती सरळ पावलाची आहे. कानोंचा लाडका थ्रो उकि-गोशी. कमरेवरून वळवून टाकायचा. त्यांचा शिष्य साइगो शिरो अंगानं लहानखुरा आणि मांजरासारखा चपळ. कानो कंबर लावायचे आणि तो कमरेला वळसा घालून पलीकडे उडी मारायचा, दोन पायांवर उभा! तोल तर गेलेला असायचाच, पण पाऊल मिळायचं. मग कानोंनी काय केलं? कंबर लावतानाच आपला पाय मागे झाडून त्याचा उडी मारणारा पाय उचलायला सुरुवात केली. हाराइ-गोशी तयार झाला. तोल मोडण्यात काही बदल झाला नव्हता, फक्त पळवाट बंद झाली होती.

तुझ्या सेओइ-नागेतून सुटणारी मुलंही बहुधा साइगोसारखी तुझ्या उजव्या कमरेला वळसा घालूनच सुटत असतील. तसं असेल तर तुझी कंबर कमी आत जाते. थोडी जास्त, त्याच्या उजव्या मांडीच्या बाहेरपर्यंत जाऊ दे.

आता थोडं शास्त्र, कारण तू कॉलेजातला आहेस. थ्रोंचे ढोबळ दोन प्रकार पडतात. एकात तुझं अंग टेकू होतं आणि समोरचा त्यावरून उलटतो : सेओइ-नागे, ताइ-ओतोशी. यांना समोरचा आधी नीट कललेला लागतो आणि क्षणभर का होईना, थांबलेला लागतो. दुसऱ्यात तुझे हात त्याचं वरचं अंग एका दिशेला नेतात आणि तुझा पाय त्याचे पाय उलट्या दिशेला. दोन उलट बळांनी माणूस मधल्या मध्ये फिरतो : ओ-सोतो-गारी, हाराइ-गोशी, उचि-माता (त्याची मांडी आतून उचलून टाकायचा डाव). हे चालत्या माणसावरही लागतात आणि तोल थोडा कमी मोडला असेल तरी भागतं. मोठ्या स्पर्धांत उचि-माता इतका दिसतो त्यामागे हे एक कारण आहे. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये १०० किलो गटाची अंतिम लढत कोसेइ इनोउए यांनी त्यावरच जिंकली. म्हणजे तू नवखा असून निवडलेला थ्रो जास्त नाजूक हिशेबाचा आहे. सोडू नकोस, तो भल्याभल्यांचा आहे. तोशिहिको कोगा यांनी १९९२ मध्ये बार्सिलोनात गुडघा जायबंदी असताना ७१ किलोचं सुवर्ण जिंकलं, आणि त्यांची ओळखच सेओइ-नागे ही होती. फक्त तो एकटा ठेवू नकोस. मागे पाडणारा एक डाव त्याच्या जोडीला हवाच. समोरच्याला तुझ्याकडून पुढचीच भीती असेल, तर तो निवांत मागे रेलून उभा राहील, आणि तुझ्याबाबतीत तेच चाललंय.

आता त्या ६६ किलोच्या मुलाकडे येऊ. मी त्याला पाहिलेलं नाही, पण मातीतून आलेला मुलगा ज्युदोत कसा उभा राहतो ते भरपूर पाहिलंय. कंबर मागे, डोकं पुढं, पाठ वाकलेली. तालमीत हे बरोबरच होतं, नाहीतर समोरच्यानं एकेरी पट काढून, म्हणजे एक पाय धरून ओढून, कधीच बसवलं असतं. पण ज्युदोच्या स्पर्धेत पट नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत २०१० पासून थेट पाय धरण्यावर बंदी आली आणि २०१३ पासून बेल्टखाली हात लावणंच संपलं. ज्या धोक्यासाठी तू वाकून उभा आहेस तो धोकाच इथं नाही. त्याच्या जागी दुसरा आहे : अंगात जाड जाकीट. तू वाकलास की तो मानेमागे कॉलर धरतो, आणि तुझं डोकं जिकडं नेईल तिकडं तुझं अंग जातं. तुझा भार आधीच पंजांवर असतो. ज्यासाठी तुला एवढा खटाटोप करावा लागतो, ते तू त्याला फुकट देतोस.

माझा अंदाज असा. तू त्याला ढकलत पुढं येतोस, कारण वजन तुझं जास्त. तो एक पाऊल मागे सरतो, बाही किंचित वर ओढतो आणि तुझ्या पुढं येणाऱ्या घोट्यापुढं पायाचा तळवा टेकवून ठेवतो. बस्स. वरचं अंग पुढं गेलं, पाऊल आलंच नाही. सासाए-त्सुरिकोमि-आशी म्हणतात त्याला, आणि हलक्या मुलांचं ते आवडतं हत्यार आहे. बारा किलो जास्तीचं वजन त्यात त्याच्याच कामी येतं. जर तो दे-आशी-बाराईवर पाडत असेल तरी गणित तेच, फक्त वेळ वेगळी. तोच डाव तू करून बघितला असशील आणि नडगी शेकून घेतली असशील, कारण पाऊल पक्कं टेकल्यावर झाडत असशील.

तुझे हात ताठ असतात का, हेही बघ. ताठ हात ही दोन्हीकडून उघडी खिडकी आहे. तू वळायचा विचार करतोस तो आधी खांद्यात येतो, ताठ हातातून त्याच्या छातीवर पोचतो आणि पाऊल हलायच्या आत त्याला कळलेलं असतं. हात सैल ठेवले की निरोप तुझ्याकडे यायला लागतात. अंध खेळाडूंचा ज्युदो कधी बघ. तिथं लढत सुरू होतानाच दोघांना एकमेकांची पकड दिली जाते, आणि समोरचा कोणत्या पायावर आहे हे ते हातांनीच ओळखतात. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये आपल्या कपिल परमारनं ६० किलोच्या जे-१ (ज्यांना जवळपास काहीच दिसत नाही अशांच्या) गटात कांस्य मिळवलं, पॅरालिंपिक ज्युदोतलं भारताचं पहिलं पदक. माझ्याकडच्या मुलांना मी अधूनमधून डोळे मिटून, हळूहळू, थ्रो न करता नुसतं चालायला लावते. एकानं चालायचं, दुसऱ्यानं पकडीतून ओळखून मोठ्यानं म्हणायचं : डावा, उजवा, डावा. सुरुवातीला हसतात. मग हसणं थांबतं, कारण जमत नाही.

सरावाबद्दल मघाशी म्हटलं ते हे : आपल्याकडे जागच्या जागी उचिकोमी फार होते. गर्दी, छोटी मॅट, तासाभराचा वर्ग, सरांचीही अडचण असते. ती करच, पण तेवढ्यावर थांबू नकोस. जोडीदाराला चालायला सांग आणि चालता चालता शीर. मग त्याला सांग की अर्धा प्रतिकार कर : कंबर मागे घ्यायची परवानगी, वळसा घालायची नाही. काही आठवड्यांनी उलट. या मधल्या पायरीशिवाय एकदम पूर्ण रांदोरीत उडी घेतली की माणूस घाबरून ताकदीवर येतो, तुझ्यासारखा. आणि रांदोरीत तुझ्याहून हलक्या, नवख्या मुलांबरोबर खेळताना वजन वापरायचं नाही असं स्वतःलाच बजाव. तिथं डाव लागू दे, मग बरोबरीच्यांवर आज नाही तर उद्या लागेल.

तालमीतलं डोक्यातून काढायचं का, या प्रश्नाचा मला थोडा रागच आला. तुझ्याच जिल्ह्यात, कराडजवळ गोळेश्वर आहे. खाशाबा जाधव तिथले. मातीतच वाढलेले. १९४८ ला लंडनला गादीवर उतरले आणि सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलो फ्रीस्टाइलमध्ये कांस्य. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक प्रकारातलं पहिलं ऑलिंपिक पदक. त्यांचा हुकमी डाव ढाक. मानेभोवती हात टाकायचा, कंबर वळवायची आणि त्यावरून समोरच्याला पाठीवर आणायचं. ज्युदोतला कोशी-गुरुमा बघ, सख्खी भावंडं वाटतील. धोबीपछाड आणि तुझा सेओइ-नागे यांचंही तेच. फरक पकडीचा आहे. मातीत घामेजलेला हात सुटतो म्हणून बगलेत घट्ट आवळून ठेवावा लागतो, इथं बाही आहे, ती सुटत नाही, म्हणून लांबूनही सुरुवात करता येते. तुला ढाक येत असेल तर वापर, पण एक हात बाहीवर ठेव. नुसती मान आवळून बसलास तर पंच थांबवतील. नियम तुझ्या सरांकडून नीट समजून घे, ते मधूनमधून बदलतात.

कलाजंग मात्र तालमीतच ठेव. तोही ज्युदोत होता. काता-गुरुमा, खांद्यांवर आडवं घेऊन टाकायचं. अंगानं आपल्याहून बराच मोठा असलेला एक सहकारी पडत नव्हता, म्हणून कानोंनी ग्रंथालयात पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तकं धुंडाळली आणि त्यातून हा डाव बसवला, असं सांगितलं जातं. त्यात हात पायांत घालावा लागतो, त्यामुळे मूळ रूपात तो आता स्पर्धेत चालत नाही. मला याचं वाईट वाटतं. असो.

ताकदीचं खोटं सांगणार नाही. ‘ज्युदोत लहान मोठ्याला सहज पाडतो’ हे जाहिरातीचं वाक्य आहे. तसं असतं तर वजनगट केलेच नसते. १९६४ ला टोकियोत ज्युदो पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हा पुरुषांचे तीन वजनगट आणि एक खुला गट होता. खुल्या गटात नेदरलँड्सचे अँटोन गेसिंक, दोन मीटरला थोडेसेच कमी, यांनी जपानच्या आकिओ कामिनागांना त्यांच्याच घरात हरवलं. गेसिंकचं तंत्र अव्वल होतं हे खरंच, पण त्यांच्या आकाराचा काहीच उपयोग झाला नाही असं कोण म्हणेल? आज पुरुषांचे सात आणि बायकांचे सात गट आहेत. आमचे तर १९९२ पर्यंत पदकांसाठी नव्हतेच, पण तो विषय काढला तर हे सदर पुरणार नाही. तर तंत्र सारखं असेल तेव्हा ताकद निकाल लावते. तुझं तंत्र अजून त्या मुलाएवढं नाही, म्हणून तुझी ताकद दिसत नाही.

रस्त्यातल्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात. पळ. मॅटवर जो थ्रो करून आपण हात देऊन माणसाला उठवतो, तोच डांबरावर किंवा फुटपाथच्या कडेवर केला तर त्याची कवटी फुटू शकते. तुझ्याखाली पडणाऱ्याला उकेमी, म्हणजे इजा न होता पडणं, येत नाही, हनुवटी छातीला लावायची असते हे त्याला माहीत नाही. जपानमध्ये शाळांतल्या नवख्या मुलांना डोक्याच्या गंभीर दुखापती झाल्या, त्यांत ओ-सोतो-गारीचं नाव वारंवार येतं, तेही मॅटवर. कारण माणूस सरळ मागे जातो आणि डोकं मागून आपटतं. त्यामुळे क्लबातही नवीन मुलावर तो थ्रो करताना बाही शेवटपर्यंत सोडायची नाही, ती वर ओढून धरायची. रस्त्यावर खरंच सुटका नसेल, तर पडणं तुझ्या उपयोगाचं आहे, पाडणं नाही. कुणी ढकललं तर नीट पडता येणं, हे ज्युदोनं तुला दिलेलं सर्वांत कामाचं शिक्षण आहे.

आता जिमचं. पैसे असतील तर जा, पण आधी तालमीतले जोर-बैठका परत सुरू कर. सेओइ-नागेत उचलायचं काम मांड्या करतात आणि बैठकांनी त्या तयार आहेतच. तुझी कमजोरी बहुधा ओढणाऱ्या हातात, पकडीत असेल. त्याला दोर चढण्यासारखा व्यायाम नाही. जगभरचे ज्युदोवाले दोर चढतात, आणि गावाकडच्या तालमीत आढ्याला टांगलेला दोर असेल तर सुट्टीत गेल्यावर त्याच्यावर चढ. पुण्यातही मल्लखांब शिकवणाऱ्या कुठल्याही आखाड्यात तो सापडेल.

आणि एक काम याच आठवड्यात कर. वर्ग सुटल्यावर त्या ६६ किलोच्या मुलाला दहा मिनिटं थांबवून घे. त्याला सांग, मला रोज पाडतोस तसंच पाड, पण सावकाश, आणि तुला संधी दिसते त्या क्षणी थांब. थांबला की दोघांनी खाली बघायचं : तुझा कोणता पाय कुठं आहे, भार कशावर आहे, टाच टेकली आहे का. तो नाही म्हणणार नाही. रोज कुणाला तरी पाडणाऱ्याला ते कसं पाडतो हे समजावून सांगायची भारी हौस असते.

— ताई